मस्टरचे भूत

माझ्या आयुष्यातली तीन वर्षे आणि दीड महिना मी भाईंदर आणि चर्चगेट यांच्यामध्ये उभा होतो. हा हिशेब मी निवृत्तीनंतर केला. बँकेत छत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या पैशांचे व्याज काढले, आता म्हटले आपल्या मुदलाचे काय झाले तेही एकदा पाहू. १९८६ साली गिरगावातली खोली सोडून भाईंदरला आलो आणि २०१४ साली निवृत्त झालो. म्हणजे २८ वर्षे. वर्षाचे कामाचे दिवस धरा २८०. सकाळी चपला घातल्यापासून रात्री चपला काढेपर्यंतच्या वेळातून बँकेतला वेळ वजा केला, तर उरतात रोजचे साडेतीन तास. गुणाकार केला : २७,४४० तास. त्याला चोवीसने भागले. उत्तर पाहून आधी वाटले, कुठेतरी हातचा चुकला. पुन्हा केले. उत्तर तेच. सौ.ला दाखवले. ती म्हणाली, "त्यात बसायला मिळालेले दिवस वेगळे काढलेत का?"

मी म्हटले, "ते दशांश चिन्हाच्या उजवीकडे आहेत."

ही तीन वर्षे बुडीत खाती टाकून मी गप्पही बसलो असतो. तसा मी शांत माणूस आहे. पण गेल्या महिन्यात आमच्या सूनबाईला तिच्या कंपनीचे फर्मान आले. येत्या एक तारखेपासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात हजर राहावे. कारण काय, तर त्यामुळे कंपनीची 'संस्कृती' टिकेल. संस्कृती टिकवण्याची जबाबदारी आजवर कीर्तनकार, नऊवारी लुगडे आणि दिवाळी अंक यांच्यावर होती. ती आता ऐरोलीच्या एका काचेच्या इमारतीने उचलली हे वाचून माझा ऊर भरून आला. तो रिकामा करण्यासाठी हा लेख. तेव्हा वाचकहो, लेख निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमची सूनबाई सॉफ्टवेअर लिहिते. नेमके काय लिहिते हे तिने मला तीनदा समजावून सांगितले आणि तीनही वेळा मी समजल्यासारखी मान हलवली. मला उमजले ते एवढेच : कुठल्याशा परदेशी विमा कंपनीच्या दाव्यांचा हिशेब यंत्राने चोख करावा, म्हणून त्या यंत्राला द्यायच्या सूचना ही लिहिते. तिच्या गटात सात जण आहेत. तिघे बेंगळुरूला, एक पुण्याला, दोघे अमेरिकेत टेक्सासला आणि सातवी ही, भाईंदर पूर्व. आता सांगा, ऐरोलीच्या ऑफिसात तिच्या गटातले किती? नीट मोजा. एकही नाही.

म्हणजे तिने करायचे काय? सकाळी पावणेसातला घर सोडायचे. ठाण्याची बस धरायची. घोडबंदर रस्त्यावर काजूपाडा ते गायमुख या टप्प्यात बस थांबली, की आपण बसमध्ये आहोत की बसस्टॉपवर, असा संभ्रम पडेपर्यंत बसून राहायचे. खड्ड्यांची ओळख पटवून घेत ठाणे स्टेशन गाठायचे. तिथून ट्रान्सहार्बर लोकलने ऐरोली. तिथून रिक्षा. मग गळ्यातले कार्ड दाराला दाखवून खुर्चीत बसायचे, कानाला हेडफोन लावायचा आणि बेंगळुरूच्या माणसाला विचारायचे, "माझा आवाज येतोय का?"

हा प्रश्न ती भाईंदरहूनही विचारतच होती. उलट तेव्हा आवाज जास्त चांगला जायचा. कारण शेजारच्या खुर्चीवर दुसऱ्या गटातला एक गृहस्थ हैदराबादला मोठ्याने तेच विचारत बसलेला नसायचा.

आता एक कबुली देतो. घरून काम करण्याच्या विरुद्ध सगळ्यात मोठा आवाज आमच्या घरात माझाच होता. तसा प्रत्येक चांगल्या गोष्टीच्या विरुद्ध मी एकदा असतोच. ८० च्या दशकात बँकांत संगणक येणार म्हणून गेटसमोर घोषणा देणाऱ्यांत मी पुढच्या रांगेत होतो. माझा घसा बसला, संगणक मात्र उभा राहिला. आज त्याच संगणकावर आमच्या घराचा निम्मा हप्ता फिटतो. नियतीला विनोदबुद्धी नाही असे कोण म्हणेल?

तर २०२० च्या २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली आणि सूनबाईचे ऑफिस आमच्या बेडरूममधल्या इस्त्रीच्या टेबलावर आले. पहिल्या आठवड्यात मी तिला म्हटले, "घरीच आहेस तर जरा गिरणीत विचारून ये ना, दळण घेतात का." ती काही बोलली नाही. नुसते बघितले. दुसऱ्या आठवड्यात मी उघड्या अंगावर पंचा टाकून कपाटातले बनियन घ्यायला आत गेलो, तेव्हा समोरच्या पडद्यावर सात चौकोनांत सात चेहरे होते आणि त्यांतला टेक्सासचा चौकोन मला "हाय" म्हणाला. मी पंचा सावरत नमस्कार केला. आमच्या कुकरच्या शिट्ट्या त्या काळात अमेरिकेत ऐकू जात. किती झाल्या हे सौ.पेक्षा तिकडच्या माणसांना जास्त अचूक ठाऊक असे.

पण माझे मत बदलले ते वेगळ्याच गोष्टीने. एकदा दुपारी पाहिले तर सूनबाई पडद्याकडे एकटक बघत बसलेली. हात मांडीवर. पाच मिनिटे, दहा मिनिटे, अर्धा तास. मला वाटले, डोळे उघडे ठेवून झोपली आहे. ही विद्या आमच्या बँकेत बऱ्याच जणांना अवगत होती. मी चहा घेऊन गेलो. ती दचकली आणि म्हणाली, "बाबा, सापडत आलं होतं हो!" काय सापडत आले होते? तर एक चूक. हजारो ओळींच्या मजकुरात कुठेतरी एक अट उलटी लिहिली गेली होती आणि तीन दिवस सात माणसे ती शोधत होती. माझ्या चहाने ती पुन्हा हरवली. शेवटी रात्री साडेअकराला, नातीला थोपटता थोपटता सापडली. थोपटणे थांबले म्हणून नात जागी झाली, पण काम झाले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रथम आले, की अरे, हे काम वेगळे आहे. यात माणूस काम करताना दिसत नाही. दिसतो तेव्हा बहुधा करत नसतो. आणि ते काम हापिसच्या वेळेत व्हायला बांधलेले नाही. ते बसमध्ये उभे असताना मात्र होत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो. शेजाऱ्याचे कोपर बरगडीत असताना माणसाला फक्त शेजाऱ्याचाच विचार सुचतो.

आमच्या बँकेत काम करणे आणि काम करताना दिसणे या दोन स्वतंत्र विद्या होत्या आणि बढतीला दुसरी लागे. लेजर उघडे, त्यावर टोपण काढलेले पेन, खुर्चीच्या पाठीला छत्री. एवढी प्राणप्रतिष्ठा केली की माणूस फोर्टात कुठेही हिंडायला मोकळा. पण या सगळ्याच्या मुळाशी जे दैवत होते त्याचे नाव मस्टर. दहा वाजून दहा मिनिटांनी मस्टर साहेबांच्या केबिनमध्ये जाई. त्यानंतर येणाऱ्याला लाल शाईची खूण. तीन खुणांना एक किरकोळ रजा स्वाहा. आमच्याकडे एक गृहस्थ होते, दहा वाजता घामाघूम होऊन सही करायचे आणि मग ती सही सुकेपर्यंत, म्हणजे साधारण साडेअकरापर्यंत, कँटीनमध्ये बसायचे. मस्टरच्या दृष्टीने आदर्श कर्मचारी! दुसरे एक विरारहून येणारे. गाडी रखडली की सव्वादहा व्हायचे. पण ताळेबंद जुळेपर्यंत रात्री आठ वाजले तरी खुर्ची सोडायचे नाहीत. वर्षअखेरीला यांची रजा शिल्लक शून्य. मस्टरला माणूस केव्हा आला तेवढे कळते. आल्यावर त्याने काय केले हे विचारण्याची त्याला सवयच नाही.

मी २८ वर्षांत भाईंदरहून जाऊन अशा ७,८४० सह्या केल्या. १९९४ साली एका मंगळवारी आमचा मुलगा जिन्यावरून पडला आणि त्याचा हात मोडला. तेव्हा तो सहा वर्षांचा. शेजारचे काका त्याला घेऊन डॉक्टरकडे धावले. मी घरी पोचलो रात्री नऊला, तोवर प्लास्टर वाळून खडखडीत झाले होते. मुलगा म्हणाला, "बाबा, सगळ्यांनी यावर सही केलीय, तुमचीच राहिलीय." ती सही करताना आलेला लेट मार्क मात्र अजून पुसला गेलेला नाही.

उलटपक्षी, मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. मी वाचनालयात, मुलगा त्याच्या कंपनीच्या कामासाठी वापीला, आणि सौ. न्हाणीघरात घसरली. सूनबाई शेजारच्या खोलीत बसली होती, म्हणून आवाज तरी ऐकू आला. पंधरा मिनिटांत रिक्षा, अर्ध्या तासात एक्स-रे. खुब्याचे हाड थोडक्यात वाचले. मी घरी पोचलो तोवर सौ. पलंगावर उशीला टेकून बसली होती आणि मलाच म्हणत होती, "घाबरू नका हो, मला काही झालेलं नाही." सूनबाईने त्या दिवसाचे काम रात्री अकरापर्यंत पुरे केले. टेक्सासला तेव्हा दुपार होती. तिथे कुणाला पत्ताही लागला नाही की मधल्या चार तासांत इकडे काय घडले. आता हे चार तास ती ऐरोलीला असती तर? बस काजूपाड्याला अडकलेली, फोन वाजतोय, आणि कंपनीची संस्कृती मात्र एकदम सुखरूप!

आमच्या सोसायटीचे चेअरमन या विषयात माझे कट्टर विरोधक. ते एका कारखान्यात पर्सोनेल मॅनेजर होते. निवृत्त होऊन बारा वर्षे झाली, तरी लिफ्टमध्ये भेटले की आधी घड्याळाकडे बघतात आणि मग आपल्याकडे. त्यांचे म्हणणे एका वाक्यात सांगता येते : "माणूस डोळ्यांसमोर हवा."

मी म्हटले, "लिज्जत पापड खाता ना?"

"खातो की. त्याचं काय?"

"तो लाटणारी बाई कधी कुणाच्या डोळ्यांसमोर होती?"

चेअरमन पापडासारखे वाकडे झाले. पण मुद्दा खरा आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापडाचा धंदा सुरू केला. आज त्या संस्थेत हजारो भगिनी आहेत. पद्धत काय? केंद्रावर यायचे, मळलेले पीठ घरी न्यायचे, लाटून वाळवून दुसऱ्या दिवशी परत आणायचे. तिथे पापडाचे वजन होते, पापड नीट आहेत का ते पाहतात आणि पैसे मिळतात. बाईने पहाटे चारला लाटले की पोरे शाळेत गेल्यावर, पाटावर बसून लाटले की खाटेवर, याची चौकशी कुणी करत नाही. मोजतात तो पापड. लाटणारीचे बूड किती तास पाटावर टेकले होते ते मोजत नाहीत. उडदाच्या पापडाला जी समज साठ-पासष्ट वर्षांपूर्वी आली, ती कॉम्प्युटरच्या धंद्याला का येऊ नये?

खरे तर आली होती. नुसती आली नव्हती, धंद्याच्या पाळण्यातच आली होती. १९६२ साली इंग्लंडात स्टेफनी शर्ली नावाच्या बाईने सहा पौंड भांडवलावर प्रोग्रामिंगची कंपनी काढली. लग्न झाले, मूल झाले म्हणून नोकरी सुटलेल्या हुशार बायकांना ती घरबसल्या काम देई. पहिल्या तीनशे माणसांत पुरुष फक्त तीन. 'स्टेफनी' अशा सहीच्या पत्रांना कुणी उत्तर देईना, तेव्हा बाईने सही 'स्टीव्ह' अशी सुरू केली. फोन आला की मागे मुलाचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावी. (हे वाचल्यावर आमच्या कुकरबद्दल मला वाटणारी लाज पार गेली.) काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचे प्रोग्रामिंग याच घरबशा बायकांनी केले. शर्लीबाई २०२५ च्या ऑगस्टमध्ये, ९१ व्या वर्षी वारल्या. तेव्हा इंटरनेट नव्हते, पडद्यावरचे चौकोन नव्हते. कागद, पेन्सिल, पोस्ट आणि टेलिफोन एवढ्यावर जे जमले, ते आज घरोघरी वायफाय असताना जमत नाही म्हणणाऱ्यांना काय म्हणावे?

त्यानंतर १९७३ साली अमेरिकेत जॅक नायल्स नावाच्या, पूर्वी अवकाशयानांच्या कामावर असलेल्या शास्त्रज्ञाने 'टेलिकम्युटिंग' असा शब्दच काढला. माणसाला उचलून कामापाशी नेण्यापेक्षा काम तारेवरून माणसापाशी न्यावे, हे त्याचे म्हणणे. अवकाशात यान पाठवणाऱ्याला जे अवघड वाटले ते म्हणजे रोज माणसे पाठवणे! आणि त्याच १९७३ साली आपल्याकडे काय झाले, तर अंधेरीला सीप्झ सुरू झाले. तिकडे काम माणसाकडे न्यायचा शब्द निघाला आणि इकडे आम्ही माणूस कामाकडे न्यायची आणखी एक जागा काढली. लोकलवाल्यांनी मग त्यात चौथ्या सीटची भर घातली.

चेअरमन म्हणाले, "परदेशातल्या गोष्टी सांगू नका. घरी बसून माणसं झोपा काढतात."

झोपेचाही हिशेब झालेला आहे. चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या कंपनीने १,६१२ माणसांवर प्रयोग केला. त्यात प्रोग्रामरही होते. विषम तारखेला जन्मलेल्यांना आठवड्यातून दोन दिवस घरून काम करायची मुभा, सम तारखेला जन्मलेल्यांना नाही. (आमच्या ज्योतिषाला हे सांगितले तर तो म्हणाला, चीनमध्ये शास्त्र पुष्कळ पुढे गेले आहे.) पुढे दोन वर्षे दोघांच्या कामाची तुलना केली. फरक काही नाही. प्रोग्रामरांनी लिहिलेल्या ओळी मोजल्या, त्यातही फरक नाही. फरक एकच पडला : मुभा मिळालेल्यांत नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले. त्यातही बायका आणि लांबून येणारे यांना जास्त लाभ झाला. लांबून येणारे! भाईंदर हे नाव त्यांना माहीत नव्हते एवढेच. हा निबंध २०२४ साली 'नेचर' या साप्ताहिकात छापून आला. प्रयोगाच्या आधी तिथल्या मॅनेजरांना वाटत होते की कामाचे नुकसान होणार. प्रयोगानंतर त्यांनी मत बदलले. चीनमधले मॅनेजर मत बदलतात, हीसुद्धा एक बातमीच.

आपल्याकडे उलटे. २०२० च्या नोव्हेंबरात केंद्राच्या दूरसंचार खात्याने घरून काम करण्यासाठीचे नियम सैल केले. सरकारी खाते सैल होते आणि खासगी कंपन्या आवळतात, असा योग शंभर वर्षांतून एकदा येतो. टाटा कन्सल्टन्सीने त्याच वर्षी सांगितले होते, की २०२५ पर्यंत एका वेळी पंचवीस टक्क्यांहून जास्त माणसे ऑफिसात लागायची नाहीत. २०२३ च्या ऑक्टोबरात सांगितले, पाचही दिवस या. मधल्या तीन वर्षांत प्रोग्रामिंग बदलले की माणसाचा मेंदू, याचा खुलासा माझ्या वाचनात आलेला नाही. आणि २०२५ च्या जानेवारीत तर एका बड्या कंपनीच्या अध्यक्षांनी आठवड्याला नव्वद तासांची भाषा केली. घरी बसून बायकोकडे तरी किती वेळ बघणार, असा त्यांचा सवाल होता. मी हा सवाल गंभीरपणे घेतला. अध्यक्षमहाराज, आमच्या हिचे डोळे घारे आहेत, हे मला निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या महिन्यात कळले. बघितले असते तर आधी कळले असते.

आता तुम्ही म्हणाल, घरून काम म्हणजे सगळे गोडच का? नाही. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक मुलगा राहतो. नवीनच नोकरीला लागलेला. एका खोलीत पाच माणसे. तो म्हणतो, "काका, मला ऑफिसच बरं. तिथे एसी आहे आणि अडलं तर विचारायला सीनियर आहे." अगदी खरे. नवख्याला चार दिवस वडीलधाऱ्यांच्या पंगतीला बसावेच लागते. त्याने जरूर जावे. दुसरे असे, की घर हेच ऑफिस झाले की ऑफिस सुटत नाही. रात्री दहालाही फोन वाजतो. पूर्वी साहेब कचेरीत होता, आता तो उशाशी आला. त्याला दाराबाहेर काढण्याची कलाही शिकावी लागेल. आणि तिसरे, जे आम्ही पुरुष मोठ्याने बोलत नाही : सून घरी आहे म्हटले की दळण, दूधवाला, गॅस सिलिंडर, नातीचा अभ्यास आणि सासऱ्याचा चहा, सगळ्यांना ती 'घरीच' असते. हा दोष कंपनीचा नाही. तो माझा होता. दळण हल्ली मी आणतो. गिरणीवाला मला नावाने ओळखतो.

म्हणून मी कुणाला घरी डांबा म्हणत नाही. मागणी आहे ती लवचिकपणाची. ज्याला जेव्हा जावेसे वाटेल, गरज असेल, तेव्हा त्याने जावे. काम ठरलेल्या दिवशी ठरलेल्या दर्जाचे मिळाले की पुरे. एवढ्या साध्या मागणीला विरोध का होतो, तर ज्याला काम तपासता येत नाही तो माणूस तपासतो. पापड चांगला की वाईट हे ज्याला कळत नाही त्याला पाटावर किती वेळ बसलीस हेच विचारावे लागते.

यावर चेअरमनांनी ठेवणीतला बाण काढला. "तुमच्या सुनेचे लाड झाले. आणि बाकीच्यांनी काय करायचं? उत्तनची कोळीण घरून मासळी विकेल? स्टीलच्या भांड्याला पॉलिश घरून होईल? नर्स घरून इंजेक्शन देईल?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर लोकलच्या डब्यात आहे. मीरा-भाईंदर हे गाव माणसे मुक्कामाला ठेवते आणि सकाळी परत करते. १९८५ साली इथे नगरपालिका झाली. मी आलो तेव्हा मिठागरांचे पांढरे ढीग स्टेशनवरून दिसत. २००२ साली महानगरपालिका झाली, २०११ च्या शिरगणतीत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. त्यांतले बरेच जण सकाळी एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात. विरारहून भरून आलेल्या गाडीत भाईंदरला चढणे हे ज्याने केले नाही त्याला मी सांगून कळणार नाही. आम्ही तर जागा मिळावी म्हणून उलटे विरारपर्यंत जाऊन यायचो. चर्चगेटला जायला आधी विरार! २०२३ या एका वर्षात मुंबईच्या लोकल मार्गांवर अडीच हजारांच्या वर माणसे मेली. रूळ ओलांडताना, दारातून पडून. २०२५ च्या ९ जूनला मुंब्र्याजवळ दोन गाड्या शेजारून जात असताना दारात लटकलेली माणसे खाली पडली आणि त्यांतली काही घरी परतलीच नाहीत. आमच्या आठ-तेराच्या ग्रुपमधलाही एक जण असाच एका श्रावणात गेला. त्याचा डबा मीच त्याच्या घरी नेऊन दिला होता. त्या बाईने डबा उघडून पाहिला, जेवला होता का म्हणून. त्याविषयी यापुढे लिहवत नाही.

तेव्हा चेअरमनसाहेब, नर्सला दवाखान्यात गेलेच पाहिजे, म्हणूनच ज्याला जायचे कारण नाही त्याने तिची जागा अडवू नये. सूनबाई घरी बसते त्या दिवशी बसमधली एक जागा कुणाच्या तरी वाट्याला येते. असे हजार-दोन हजार प्रोग्रामर मंगळवारी घरी बसले, तर भाईंदरच्या फलाटावर टोपली घेऊन उभ्या असलेल्या कोळणीला डब्यात पाय ठेवायला मिळेल. हा लाड माझ्या सुनेचा नाही, तिच्या शेजारणीचा आहे.

असो. फर्मान आल्यावर चार दिवस सूनबाई गप्प होती. पाचव्या दिवशी मी तिच्या टेबलाशी गेलो तर पडद्यावर राजीनाम्याचा मसुदा. अकरा वर्षांची नोकरी, साडेतीन ओळींत. मी म्हटले, "थांब. राजीनाम्याआधी अर्ज करायचा असतो." अर्ज हा माझा प्रांत. रात्री बसून मी दोन पानी खर्डा तयार केला : 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन की' वगैरे. तिने तो वाचला, "बाबा, किती छान," म्हणाली आणि त्याच्या पाच ओळी केल्या. गटातले सात जण कुठे कुठे बसतात ते. ऐरोलीला जायला-यायला लागणारे तास. घरून केलेल्या दोन वर्षांत वेळेवर पुरी केलेली कामे किती आणि उशिराची किती. बस्स. माझ्या खर्ड्यातले एकच वाक्य तिने ठेवले, "कृपया विचार व्हावा."

विचार झाला. आठवड्यात दोन दिवस, मंगळवार आणि गुरुवार, घरून काम करण्यास परवानगी. तीही सहा महिन्यांपुरती, पुढचे पुढे. बाकी तीन दिवस ती पावणेसातला निघते. मी बसस्टॉपपर्यंत बरोबर जातो. म्हणजे निवृत्तीनंतर माझा प्रवास पुन्हा सुरू झाला म्हणायचा, पण चालत आणि सात मिनिटांचा.

गेल्या रविवारी चेअरमन घरी आले. हातात नोटिशीचा कागद. म्हणाले, "सोसायटीची वार्षिक सभा आलीय. यंदा मोबाइलवरच घेऊ म्हणतो. गच्चीवर बोलावलं की निम्मे येत नाहीत, कोरम होत नाही. शिवाय माझे गुडघे. तुमच्या सूनबाईला सांगून ती लिंक का काय ते तयार करून घ्या. गुरुवारी घरी असते ना ती?"

मी विचारले, "आणि हजेरीचं काय? मस्टरवर सह्या?"

"हजेरी काय घेऊन बसलात!" चेअरमन चहा बशीत ओतत म्हणाले, "विषय मंजूर झाले म्हणजे झालं."